‘लय मागं’ म्हणजे नेमकं कधी? आजीच्या आठवणी लिहून काढताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आजीचं वय 87 च्या आसपास, सासर पन्हाळा तालुक्यातलं. त्यांच्या आठवणी तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केल्यात आणि घरच्यांसाठी त्याचं छोटं पुस्तक करायचंय. पण आजी कधीच सन सांगत नाहीत. ‘मागं’, ‘लय मागं’, ‘महाराजांच्या वक्ताला’, ‘गुदस्ता’, ‘जळीत झालं त्या साली’ अशीच त्यांची भाषा. भाऊ म्हणतो, सगळीकडे ‘पूर्वीच्या काळी’ लिहून मोकळी हो. तुम्हाला ते पटत नाही, पण प्रत्येक ठिकाणी इसवी सन कुठून आणायचा हेही उमगत नाही.

कोल्हापूर शहर आणि आसपासच्या गावांतल्या वयस्कर माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून त्या लिहून काढायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ही अडचण प्रत्येक घरात येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही प्रश्न ‘कोणता शब्द वापरू’ असा विचारलाय. मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. आजीच्या एका वाक्यात तीन माहित्या एकत्र बसलेल्या असतात: ही गोष्ट कधी घडली, ती आजींनी स्वतः पाहिली की कुणाकडून ऐकली, आणि ती एकदाच घडली की नेहमी घडायची. ‘पूर्वीच्या काळी’ लिहिलं की तिन्ही पुसल्या जातात. नुसता सन घातला तर पहिलीच तेवढी उरते, आणि तीही बऱ्याचदा चुकीची. म्हणून माझं सांगणं एवढंच की आजींचा शब्द जसाच्या तसा राहू द्या, आणि तुम्ही काढलेला सन त्याच्या शेजारी, तुमचा म्हणून, वेगळा दिसेल असा लिहा. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही.

किती खोलात जायचं हे मात्र पुस्तक कशासाठी आहे त्यावर ठरेल. नातवंडांनी वाचावं एवढाच हेतू असेल तर ‘अंदाजे 1965’ पुरेसं आहे. पण त्यातूनच पुढं वंशावळ, जातीच्या दाखल्याची कागदपत्रं किंवा जमिनीचं काही काम निघणार असेल, तर आठवणीतला सन आणि कागदावरचा सन आतापासूनच वेगवेगळे ठेवा. आजींची आठवण कागदाला पर्याय होत नाही. कागद आठवणीला पर्याय होतो असंही नाही, त्याबद्दल शेवटाकडे सांगते.

सगळ्यात आधी ‘महाराजांच्या वक्ताला’ घेते, कारण आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त गोंधळ या एका शब्दाने होतो. बाहेरचा माणूस ‘कोल्हापूर’ आणि ‘महाराज’ ऐकला की थेट राजर्षी शाहूंचं नाव लिहितो. शाहू महाराजांनी 1894 मध्ये कारभार हाती घेतला आणि 6 मे 1922 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यानंतर राजाराम महाराज होते, ते 26 नोव्हेंबर 1940 ला वारले. मग दत्तक घेतलेले बाल शिवाजी महाराज, ते 1946 मध्ये गेले. त्यानंतर शहाजी महाराज, आणि 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आजही छत्रपती घराण्यातल्या प्रमुखांना गावात लोक महाराजच म्हणतात. म्हणजे नुसत्या ‘महाराजांच्या वक्ताला’ या शब्दांत पन्नास-पंचावन्न वर्षं मावतात.

तुमच्या आजी 87 च्या आसपास असतील तर राजाराम महाराज गेले तेव्हा त्या फार तर पाळण्यातून उतरलेल्या. मग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले महाराज शहाजी महाराजच असणार, किंवा संस्थान गेल्यानंतरच्या दसऱ्याच्या मिरवणुकीतलं दर्शन. आणि ‘महाराज दुष्काळात गावाला धान्य द्यायचे’ अशी आठवण आली तर ती जवळपास नक्की सासूकडून किंवा आजेसासूकडून आलेली, शाहू महाराजांच्या काळातली. म्हणून ‘कुठले महाराज?’ असा थेट प्रश्न मी विचारत नाही. माणूस गडबडतो आणि जे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे तेच सांगतो. त्याऐवजी ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं विचारते. उत्तर ‘सासूबाई सांगायच्या’ असं आलं की एक पिढी मागं गेलो. ‘महाराज वारले तवा’ अशी आठवण असेल तर ‘तेव्हा शेतात काय चाललं होतं?’ हे विचारते. शाहू महाराज ऐन उन्हाळ्यात गेले, राजाराम महाराज दिवाळीनंतर सुगीच्या दिवसांत. रान मोकळं होतं की भाताची मळणी चालू होती, एवढ्या एका उत्तराने बरंच सुटतं.

याच्याच जोडीला ‘सरकार’ हा शब्द. माहेर कागलकडचं किंवा विशाळगड, बावडा, इचलकरंजी या जहागिरींतलं असेल, तर ‘सरकारांनी जमीन दिली’ यातले सरकार म्हणजे तिथले जहागीरदार असू शकतात. आणि संस्थानातल्या गावाबद्दल लिहिताना ‘इंग्रजांच्या राज्यात’ असं आपल्या मनाने घालू नका. इंग्रजांची सत्ता वर होतीच, पण सारा, शाळा, कचेरी हे सगळं दरबारचं होतं, आणि आजींच्या पिढीच्या बोलण्यात तो फरक स्पष्ट असतो. ‘स्वराज्य आलं तवा’ म्हणजे 15 ऑगस्ट 1947 हेही गृहीत धरू नका. संस्थान विलीन झालं तो 1949 चा दिवस काही घरांत जास्त ठळक आठवतो, कारण कचेरीतली माणसं आणि शिक्के तेव्हा बदलले.

आता सन काढायचा कसा? जुन्या माणसांच्या आठवणी सनाला टांगलेल्या नसतात, घटनांच्या खुंट्यांना टांगलेल्या असतात. आपलं काम खुंटी ओळखायचं. तुमच्या आजींनी एक खुंटी स्वतःहूनच दिली आहे, जळीत. आपल्याकडे हा शब्द साधारणपणे एकाच अर्थाने येतो: 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली, त्यानंतरच्या दिवसांत झालेली जाळपोळ. तेव्हा आजी नऊ-दहा वर्षांच्या असतील, म्हणजे ही त्यांची स्वतःची आठवण. हे प्रकरण गावागावांत अजून नाजूक आहे. त्यात घरं आणि आडनावं येतील. ती पुस्तकात ठेवायची की नाही हे आजींशी आणि घरच्यांशी बोलून ठरवा. रेकॉर्डिंगमध्ये मात्र काही कापू नका.

आपल्या भागातली दुसरी भक्कम खुंटी म्हणजे कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967, पहाटेची वेळ. भांडी पडली, लोक अंथरुणातून अंगणात आले, हे त्या वयाच्या जवळपास प्रत्येकाला आठवतं. जमिनीच्या गोष्टींसाठी कुळकायदा: 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्या दिवशी कुळं कायद्याने जमिनीची मालक धरली गेली. त्या सुमाराला ‘कुळाची जमीन झाली’ किंवा ‘कुळात जमीन गेली’ अशी वाक्यं येतात, कोण बोलतंय त्यावर. त्याच दिवशी नवे पैसे (रुपयाचे शंभर) आले, हा योगायोग उपयोगी पडतो. ‘महाराष्ट्र झाला’ म्हणजे 1 मे 1960. सासूबाईंच्या तोंडच्या गोष्टींसाठी आणखी मागच्या खुंट्या लागतील. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती 1891 मध्ये, शाहूपुरीची पेठ वसली 1895 मध्ये, शाहू मिल 1906 ची, मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ 1918 ची. कुलकर्णी वतनं जाऊन तलाठी आले तेही आपल्या संस्थानात 1918 मध्येच.

सगळ्या खुंट्या सारख्या मजबूत नसतात. प्लेग ही फसवी खुंटी आहे. ‘पिलेगात गाव माळावर गेलं’ ही आठवण घराघरांत आहे, पण 1890 च्या दशकानंतर प्लेग पुन्हापुन्हा येत राहिला, त्यामुळे त्यावरून एक साल ठरत नाही. ‘मोठा पूर’ही तसाच. 2005 चा, 2019 चा, 2021 चा, आणि त्याआधीचे वेगळे. पुराबद्दल मी नेहमी विचारते की पाणी कुठवर आलं होतं: कुणाच्या उंबऱ्याला, कुठल्या देवळाच्या पायरीला, जनावरं कुठं हलवली. गावातल्या दुसऱ्या माणसाकडून ती खूण पडताळली की पूर ओळखता येतो. आणि पैशांबाबत एक लक्षात ठेवा. आजी ‘चार आण्याला मिळायचं’ म्हणाल्या म्हणून ते 1957 च्या आधीचं ठरत नाही. पंचवीस पैशांना लोक नंतरही कित्येक वर्षं चार आणेच म्हणत होते. ‘भोकाचा पैसा’ म्हणाल्या तर मात्र कान टवकारा. मधे भोक असलेला तो पैसा 1943 ते 1947 या वर्षांत पाडला गेला. म्हणजे ती आठवण 1943 च्या आधीची नाही, आणि नव्या पैशांनंतर फार पुढची नाही.

नृसिंहवाडीचा कन्यागतही विचारून बघा. गुरू कन्या राशीत गेला की साधारण बारा वर्षांनी तो सोहळा येतो. 2004 आणि 2016 चे तुम्हालाही आठवत असतील. ‘कन्यागताला गेलो तवा धाकटी पोटात हुती’ असं वाक्य मिळालं तर मागं मोजत जाता येतं. फक्त नुसतं बारा-बारा वजा करू नका, गुरूचा फेरा बाराला थोडा कमी आहे. त्या वर्षाचं जुनं पंचांग बघा.

खुंटी सापडली तरी पुढचं मोजणं जपून करावं लागतं, आणि इथं शिकली-सवरलेली माणसं जास्त घसरतात. आजी ‘मला आठवं लागलं हुतं’ म्हणतात तेव्हा सात पूर्ण झालेली असतात. ‘आठ वर्षांची होते’ असं लिहिलंत तर एक वर्ष सरकलं. ‘तिसऱ्या वर्षी पोर झालं’ यात लग्नाचं वर्ष धरलेलं असतं की नाही, हे घरागणिक बदलतं. म्हणून मी वर्षांऐवजी सण मोजायला लावते. करवीर तालुक्यातल्या एका आजींचं बोलणं उदाहरण म्हणून देते. त्या म्हणाल्या, ‘भूकंप झाला तवा थोरला अंगावर पीत हुता. लगीन होऊन तीन बेंदूर झालं हुतं.’ आता बघा. बेंदूर हा बैलांचा सण येतो ज्येष्ठ-आषाढात, पावसाळ्याच्या तोंडाला. भूकंप डिसेंबर 1967 चा, म्हणजे त्याआधीचे तीन बेंदूर 1967, 1966 आणि 1965 चे. लग्न 1965 च्या बेंदराच्या आधी आणि 1964 च्या बेंदराच्या नंतर. ‘लग्नात ऊन किती होतं?’ एवढंच विचारलं, तर म्हणाल्या, ‘मांडवाला पाणी मारत हुते.’ म्हणजे 1965 चा उन्हाळा. थोरल्याचा शाळेचा दाखला नंतर पाहिला, जन्म 1967 चा होता, म्हणजे अंगावर पीत असल्याचं जुळलं. हा हिशोब पुस्तकात मी तळटीप म्हणून जसाच्या तसा दिला, कारण उद्या कुणाला लग्नपत्रिका सापडली तर कुठं दुरुस्त करायचं हे त्याला दिसलं पाहिजे.

बेंदूर, पंचमी, दसरा, जोतिबाची चैत्र यात्रा, मिरग, सुगी, ही सगळी आजींची महिन्यांची नावं आहेत. ‘मिरगाच्या तोंडाला’ याचं ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात’ करू नका. कंसात हवं तर लिहा.

जवळच्या काळाचे शब्द वेगळे पाहायला हवेत. ‘औंदा’ म्हणजे यंदा, ‘गुदस्ता’ म्हणजे गेल्या वर्षी, इथपर्यंत सरळ आहे. पण गेलं वर्ष कशापासून? रेकॉर्डिंगच्या दिवसापासून. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख बोलून ठेवा. फाईलच्या नावात असली तरी बोला, फायली नावं बदलतात. शिवाय आजी गोष्ट सांगता सांगता त्या काळात जातात, आणि मग ‘गुदस्ता’ हा त्या गोष्टीतल्या वर्षाच्या आधीचा असतो, आताच्या नव्हे. ‘परवा’चं तर विचारूच नका. ‘परवा परवापर्यंत आड हुता की तिथं’ यातला परवा वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. त्या ठिकाणी अंतर सांगायचा आजींचा हेतूच नसतो. तो आड त्यांच्या मनात अजून ताजा आहे, हे त्या सांगत असतात. तसंच ‘मागं’. ‘मागं एकदा’ म्हणजे आठवणीतला एखादा प्रसंग, ‘मागच्या साली’ म्हणजे गेलं वर्ष, आणि ‘लय मागं’ म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या समजत्या वयाच्या आधीचं. हे सगळ्या माणसांना लागू होतंच असं नाही, पण आजींची अशी दोन-तीन वाक्यं शेजारीशेजारी ठेवून पाहिलीत तर त्यांचा स्वतःचा नेम कळेल. प्रत्येक माणसाचा एक असतोच.

आता ऐकलेलं आणि पाहिलेलं. इथं आजींची बोली तुम्हाला फुकटात मदत करते, फक्त ती ‘सुधारू’ नका. वाक्याच्या शेवटी येणारं ‘म्हणं’ कान देऊन ऐका. ‘पाटलाच्या वाड्यात हत्ती हुता’ आणि ‘पाटलाच्या वाड्यात हत्ती हुता म्हणं’ या दोन वेगळ्या साक्षी आहेत. पहिली आजींची, दुसरी गावाची. लिहून काढणारे लोक ‘म्हणं’ हा पाल्हाळ समजून गाळतात आणि ऐकीव गोष्ट आजींच्या गळ्यात बांधतात. उद्या ती चुकीची निघाली तर खोटं आजींच्या नावावर जमा होईल. प्रमाण मराठीत लिहायचंच झालं तर ‘म्हणे’ लिहा, ‘असं सांगतात’ लिहा, पण ते ठेवाच.

आणि एकदाच की नेहमी. ‘आमी नदीला धुणं धुवाया जायाचो’ आणि ‘आमी नदीला गेल्तो’ यात काळाचा फरक नाही, दोन्ही तेव्हाचीच. पहिल्यात रीत आहे, दुसऱ्यात एक दिवस. लिहिताना सगळ्याचं ‘आम्ही नदीवर गेलो’ झालं की रीत संपली. पुस्तकी मराठीत याला ‘जात असू’ आहे, ‘जाऊ’ आहे, बोलण्यात ‘जायचो’ आहे. मला स्वतःला आठवणींच्या पुस्तकात ‘जायचो’ आवडतं, ते आजींच्या जवळचं आहे. ‘जात असू’ने प्रत्येक पान भरलं की आजींचा आवाज जातो आणि शाळेतल्या निबंधाचा येतो. रीत कधी मोडली हेही नक्की विचारा. ‘धुणं धुवायला नदीला जायचो’ इथं थांबू नका. ‘कधीपासून जायचं बंद झालं?’ विचारा. ‘नळ आला तवा’ हे उत्तर येईल आणि नळ कधी आला ते ग्रामपंचायतीत सापडेल. आठवणीतल्या रिवाजांना सन मिळतो तो बहुतेक असा, त्यांच्या शेवटाकडून.

भावाचा मुद्दा शुद्ध मराठीचा आहे, त्याचं उत्तर देते. माझ्या मते आजींची वाक्यं आजींच्याच भाषेत असावीत आणि मधला जोडणारा मजकूर तुमच्या भाषेत. आजी ‘मी तवा ल्हान हुतो’ म्हणत असतील तर ‘होते’ करू नका. आपल्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. मी स्वतः घरात ‘मी जातो’ म्हणते आणि इथं तुम्हाला ‘जाते’ लिहिते, त्यात मला काही अडत नाही. पण आजींच्या तोंडात ‘होते’ घातलंत तर पणतवंडं वाचतील ती बाई दुसरीच असेल.

तुमच्या स्वतःच्या मजकुरात मात्र शब्द काटेकोर हवेत, कारण तिथं तुम्ही जबाबदार आहात. फोटोखालच्या ओळींत सर्रास होणारी एक चूक सांगते. 1968 च्या एखाद्या समारंभाच्या फोटोखाली लोक लिहितात, ‘माजी सरपंच अमुक यांच्या हस्ते’. ते तेव्हा सरपंच होते, माजी नंतर झाले. ‘तत्कालीन सरपंच’ किंवा साधं ‘तेव्हाचे सरपंच’ हवं. पदावरून आधीच उतरलेले असतील तरच त्या फोटोत माजी. ‘एकेकाळी’ वापराल तेव्हा ती गोष्ट आता नाही असं तुम्ही सांगताय हे लक्षात असू द्या. ‘एकेकाळी आमच्यात चार बैलजोड्या होत्या’ हे ठीक, पण ‘एकेकाळी आजी जोतिबाला चालत जायच्या’ लिहून पुढच्या पानावर त्या गेल्या वर्षीही चालत गेल्याचं आलं तर वाचणारा अडखळतो. ‘आजोबांच्या हयातीत’ आणि ‘आजोबांच्या पश्चात’ हे दोन शब्द घरगुती इतिहासात फार कामाचे आहेत. वाटणी कधी झाली हे नेमकं ठाऊक नसलं तरी ती आजोबांच्या हयातीत की पश्चात, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि आजोबा कधी गेले हे कागदावर असतं. बायकांची माहेरची नावं विसरू नका. लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही लिहा, नाहीतर जुन्या कागदातली ‘चंपा’ आणि तुमच्या पुस्तकातली ‘लक्ष्मीबाई’ एकच हे कुणाला कळणार नाही.

कागदांकडे येते. तुमच्याकडे मोडीतले काही कागद आहेत आणि ते कुणाकडून वाचून घेतलेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यात तुम्हाला आजींचा ‘गुदस्ता’ पुन्हा भेटेल. दफ्तरात चालू वर्षाला ‘साल मजकूर’ आणि गेल्या वर्षाला ‘साल गुदस्त’ म्हणत. आजी अशिक्षित म्हणून गावंढळ बोलतात असं कुणी म्हणालं तर त्याला हे दाखवा. वाचताना दोन शब्द सांभाळा, ते कानाला सारखे आहेत आणि दिशा उलट आहे. ‘पेशजी’ म्हणजे पूर्वी, ‘पेस्तर’ म्हणजे येणारं. ‘पेशजीप्रमाणे चालवावे’ म्हणजे आधीपासून चालत आलंय तसं, आणि ‘पेस्तर सालापासून’ म्हणजे पुढच्या वर्षापासून. हे उलट वाचलं तर हक्क कधी मिळाला याचा सगळा अर्थ फिरतो. ‘सुदामत’ आणि ‘कदीम’ हे शब्दही येतील. ‘सुदामतप्रमाणे’ म्हणजे चालत आलेल्या वहिवाटीप्रमाणे, ‘कदीम’ म्हणजे जुनं. त्यावरून किती जुनं ते कळत नाही, फक्त लिहिणाऱ्याला ते तेव्हाच जुनं वाटत होतं एवढं कळतं.

कागदावरच्या सनांचा हिशोब असा. शके असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर 78 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत 79. जळीताचेच दिवस घ्या. शके 1869 चा पौष-माघ, म्हणजे 79 मिळवून 1948. फसली (महसुलाची कालगणना) असेल तर ती मिरगाला सुरू होते, डिसेंबरपर्यंत 590 मिळवा आणि नंतर 591. आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला सन असेल तर तो शुहूर सन, त्यात 599 किंवा 600. मृगाचा फरक त्यातही आहे. महिना दिलेला नसेल तर एकच सन लिहू नका, ‘1908-09’ असा जोडसन लिहा. कोल्हापुरात शासनाचं पुराभिलेखागार आहे, संस्थानचं दफ्तर तिथं जपलेलं आहे. गावाचं आणि घराण्याचं नाव घेऊन जा, आणि साधारण कुठली दहा वर्षं पाहायची आहेत ते आधी ठरवून जा, नाहीतर शोधायला कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही.

कागद आठवणीला पर्याय होत नाही असं वर म्हणाले, त्याचं कारण एका तारखेत आहे: 1 जून. त्या पिढीतल्या आणि त्यानंतरच्याही कितीतरी लोकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असते. मास्तरांनी मूल पाहिलं, वय अंदाजलं, आणि शाळेत घेता येईल अशी तारीख टाकली. आजी म्हणत असतील ‘माझा जलम पंचमीच्या आदल्या दिवशीचा’ आणि दाखला म्हणत असेल 1 जून, तर महिन्यापुरता माझा विश्वास आजींवर. नागपंचमी जूनमध्ये येत नाही. सालाबाबत मात्र गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहिल्याशिवाय कुणाचंच खरं धरू नका. पुस्तकात दोन्ही लिहा, कुठून मिळालं त्यासकट.

एवढं सगळं पानावर दिसेल कसं? मी असं करते. आजींचं वाक्य जसंच्या तसं. त्याच्या समासात किंवा तळाशी तुमची नोंद, आणि नोंदीत तीन शब्दांपैकी एक: 1 जूनसारखी शंका नसलेला कागद असेल तर ‘नक्की’, खुंटीवरून काढलं असेल तर ‘हिशोबाने’, आणि नुसतं वाटत असेल तर ‘अंदाजे’. ऐकीव असेल तर कुणाकडून, तेही तिथंच. घरातला प्रत्येकजण हे तीन शब्द वाचायला दोन पानांत शिकतो. मागं एक पान खुंट्यांचं ठेवा: जळीत, भूकंप, लग्न, थोरल्याचा जन्म, वाटणी, नळ, आजोबा गेले ते साल. म्हणजे नवीन आठवण आली की ती कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर, एवढं विचारून तुम्हाला ती जागेवर ठेवता येईल.

शेवटची एक घाईची गोष्ट, आणि हे मी मनापासून सांगते. लिहून काढणं पुढच्या वर्षीही होईल, विचारणं आत्ता व्हायला हवं. तुमच्याकडे आहे त्या रेकॉर्डिंगमधून ‘मागं’ आणि ‘महाराज’ आलेली वाक्यं या आठवड्यात काढा आणि पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा तेवढीच आजींसमोर ठेवा. एका बैठकीत पाच-सहाच्या वर नको, त्या दमतात. शक्य असेल तर त्यांच्या वयाची शेजारीण किंवा धाकटी जाऊ सोबत बसवा. ‘न्हाई गं, तवा तुझी शकू झाली नव्हती’ असं एकीने दुसरीला अडवलं की जे हाती लागतं, ते आपल्या कुठल्याच प्रश्नाने लागत नाही. दोघी वाद घालायला लागल्या तर मधे बोलू नका, रेकॉर्डिंग चालू ठेवा.

मोडीतल्या कागदांवर सन वाचता येत नसेल तर फक्त पहिल्या दोन ओळींचं लिप्यंतर इथं टाका, बाकी घरगुती मजकूर टाकू नका. सन शके आहे, फसली आहे की शुहूर, ते पाहून सांगते.